नकाशेवाल्या मावशींचं होकायंत्र

शाळेतली मुलं त्यांना नकाशेवाल्या मावशी म्हणायची. खरं तर त्या शाळेच्या कुणीच नव्हत्या. मोजणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं नकाशे काढले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, उतरतं टेबल, मान वाकवता येणारा दिवा आणि ट्रेसिंग कागदावर केसासारख्या बारीक रेषा. मोजणीला जाणारी माणसं वेगळी होती. ती वहीत आकडे भरून आणायची आणि मावशी त्या आकड्यांतून डोंगर उभे करायच्या. स्वतः मात्र एकही डोंगर चढल्या नव्हत्या. पुढे कॉम्प्युटर आले, उतरती टेबलं जिन्याखाली जाऊन पडली आणि मावशींनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

दोन महिन्यांत घर खायला उठलं. त्यांची भाची शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणाली, "मावशी, माझ्या सहावीच्या मुलांना नकाशा वाचायला शिकव ना. मला स्वतःलाच धड येत नाही."

वर्गातले तीन तास झकास झाले. चौथ्या वेळी भाचीनं बावीस मुलांना गावाबाहेरच्या टेकडीवर न्यायचं ठरवलं. दोघादोघांत एक होकायंत्र, एक नकाशा. तो नकाशा मावशींनीच कधीकाळी काढलेला. पायथ्यापासून उत्तरेला पाण्याची टाकी होती. तिथं पोहोचायचं होतं.

मावशी पुढे निघाल्या. आयुष्यभर टेबलावर काम केलेलं, त्यामुळे नकाशा हातात धरणं त्यांना जमेना. त्यांनी गळ्यात अडकवलेली पर्स पोटावर घेतली, तिच्यावर नकाशा पसरला आणि वर होकायंत्र ठेवलं. सुई सरळ समोर दाखवत होती. चढ लागला तशा पोटऱ्या भरून आल्या. चढ जितका उभा तितक्या नकाशातल्या उंचीच्या रेषा जवळजवळ; इथल्या रेषा आपण एकमेकींना खेटून काढल्या होत्या, हे त्यांना आठवलं. दम लागला होता, तरी मनातून त्या खूश होत्या.

वाट डावीकडे वळली, मावशीही वळल्या. सुई समोरच. पाऊण तासानं टाकीऐवजी तारेचं कुंपण आडवं आलं आणि पलीकडे दगडाची खाण.

"टाकी कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"इथंच असणार," मावशी म्हणाल्या. "होकायंत्र कधी चुकत नाही."

मागून एक मुलगी पुढे आली. वर्गात तिला सगळे 'शंका' म्हणत, कारण तिला सतत शंका यायच्या. "मावशी, ऊन मघाशी उजव्या गालावर होतं, आता पाठीला लागतंय."

"मग?"

"आम्ही वळलो की आमची सुई डबीत फिरते. तुमची फिरतच नाही. तुम्ही जिकडे जाल तिकडे ती येते."

पोरं खिदळली. मावशींनी जागच्या जागी गिरकी घेतली. सुई ढिम्म. मग त्यांनी होकायंत्र उचलून लांब धरलं, तशी सुई गर्रकन फिरून भलतीकडेच थांबली. पर्सच्या झाकणाला लोहचुंबकाचं बटण होतं. तेवढा वेळ सुईनं उत्तर नव्हे, बटण दाखवलं होतं. नकाशात खाण टाकीच्या पश्चिमेला होती. ती त्यांनी स्वतःच्या हातानं काढली होती, पण नजर सुईवरून हटलीच नव्हती.

त्यांचे कान गरम झाले. भाची जवळ येऊन हळूच म्हणाली, "जाऊ दे गं. परत फिरू. मुलांना काय कळतंय!"

"त्यांनाच तर कळलं," मावशी म्हणाल्या. पर्स काढून त्यांनी भाचीच्या गळ्यात अडकवली आणि 'शंका'ला म्हणाल्या, "तू पुढे हो. मी तुझ्यामागून येते."

अर्ध्या तासानं टाकी सापडली. मुलांनी डबे उघडले. मावशी टाकीच्या सावलीत बसून राहिल्या. घरी हे ऐकून नवरा पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "आता पुन्हा जाणार नाहीस ना?"

"पुढच्या शनिवारी जायचंय," त्या म्हणाल्या. "नवे बूट आणायला हवेत."

त्यानंतर अकरा वर्षं त्या दर हिवाळ्यात मुलांना टेकडीवर नेत राहिल्या. पहिल्या दिवशी आधी पर्सची गोष्ट सांगायच्या, मग सगळ्यांचे खिसे रिकामे करून घ्यायच्या. नंतर भाचीची दुसऱ्या शाळेत बदली झाली, तरी त्यांचं जाणं थांबलं नाही. एका पालकानं एकदा विचारलं, "आता फोनवर सगळं दिसतं. मग हे कशाला?"

मावशींनी थोडा विचार केला. "ते मलाही नीट सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मुलं येतात, म्हणून मी जाते."

इतक्या वर्षांत त्यांचं एकही मूल हरवलं नाही. सोबत आलेले खेळाचे सर मात्र एकदा दीड तास सापडत नव्हते.