उपवास म्हणून सांगितलेला डायबिटीस

लातूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, “टाइप टू डायबिटीस आहे. एचबीएवनसी बरंच वाढलंय.” एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त सासूबाईंचा शुगरने काळा पडलेला अंगठा डोळ्यांसमोर आला.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, “पल्लवीचं लग्न जमेपर्यंत कुणाला बोलू नको. तिलाही नको. आईला शुगर म्हटलं की पाहुणे मागं सरतात.”

मला पटलं. आमच्याकडे डायबिटीस असं कुणी म्हणतच नाही. ‘थोडी शुगर निघाली’, ‘बॉर्डरवर हाय’, फार तर ‘गोडाचं पथ्य हाय’. मी तेवढंही म्हणत नव्हते. कुणी पेढा पुढे केला की म्हणायचे, उपवास आहे. मग साबुदाणा येऊ नये म्हणून निरंकार सांगायचे, म्हणजे पाणीही न घेता केलेला उपवास. गल्लीत मान वाढला.

पल्लवीच्या सोयरिकीची बैठक नांदेडला, मुलाच्या घरी होती. पानं वाढायला घेतलीत असं फोनवर कळलं म्हणून मी गाडीतच गोळी घेतली. ही गोळी घेतल्यावर जेवावंच लागतं. पण घरात पाऊल टाकताच पेढ्यांचं ताट समोर आलं आणि सवयीने तोंडातून गेलं, “आज गुरुवार, निरंकार आहे माझा.”

पंगत बसली. मी भिंतीला टेकून बघत राहिले. आता कोणत्या तोंडाने जेवायला मागायचं?

आधी हात थरथरले. मग घामाने ब्लाउज भिजला, ओठ बधिर झाले. बायकांचे आवाज लांबून येऊ लागले. मुलाची आई म्हणाली, “पित्त झालं जणू. साखरपाणी द्या गं.” कुणीतरी पेला आणला. माझ्या ओठांपर्यंत आलेला तो पेला माझ्याच पोरीने अडवला. “नको, आईचा निरंकार आहे. ती पाणीसुद्धा घेत नाही.”

मला बोलायचं होतं. जीभ वळेना. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. पोरीचं लग्न ठरायच्या दिवशी, भरल्या घरात, मी उपाशी मरणार होते आणि कारण कुणालाच कळणार नव्हतं. हे वर गच्चीवर, पुरुषांच्या पंगतीत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “यांना शुगर आहे का?” हे अजून मागून येत होते. पल्लवी म्हणाली, “नाही.” तेही मला ऐकू आलं. नशीब की बाईंनी तरीही बोटाला सुई टोचून साखर पाहिली आणि ग्लुकोजचं सलाइन लावलं.

मी शुद्धीवर आल्यावर त्या म्हणाल्या, “याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, साखर एकदम खाली जाणं. अजून उशीर झाला असता तर मेंदूवर गेलं असतं. आता खरं सांगा, उपवास की डायबिटीस?”

दारात मुलाची आई उभी होती. पल्लवी उभी होती. हे खाली बघत होते.

“डायबिटीस,” मी म्हणाले. तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मुलाची आई जवळ येऊन बसली. “आधी सांगायचं न्हाई का ओ ताई? आम्ही नको म्हणलो असतो असं वाटलं का?”

“हो.”

तिने माझ्या अंगावरची चादर सारखी केली. “म्हणलोही असतो,” ती म्हणाली.

पुढे पाहुण्यांनी पल्लवीची रक्ततपासणी मागितली. पल्लवीने मुलाचीही मागितली. दोन्ही ठीक निघाल्या, लग्न झालं. पेला अडवल्याचा विषय मात्र ती अजून काढते आणि मध्येच विचारते, “आई, जेवलीस का?”

तुम्ही शुगर म्हणा, मधुमेह म्हणा, डायबिटीस म्हणा. मी ‘मला डायबिटीस आहे’ एवढंच म्हणते, पण मोठ्याने म्हणते. पंगतीत सांगते, “गोळी घेतलीय, आधी मला वाढा.” बायका हसतात, पण वाढतात.

भीती गेलेली नाही. लातूर-नांदेड एसटीत बसले की आधी शेजारणीला पर्समधली ग्लुकोजची पुडी दाखवते. “मावशी, मला डायबिटीस आहे. बोलताना माझी जीभ अडखळली तर ही खायला द्या. मी उपवास आहे म्हटलं, तरी द्या.”