बालवाडीच्या बाईंचा आवाज

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पण औशाजवळच्या आमच्या दुष्काळी गावात पाणी टँकरनंच यायचं. बालवाडीच्या बाई लेकरांपुढं उकिडव्या बसून हळू आवाजात शिकवायच्या, "कुणी छळलं तर मारायचं न्हाई. डोळ्यात बघून सांगायचं." मला चीड यायची. सोसणाऱ्यानंच का शिकायचं?

एकदा टँकरपाशी एका बड्या शेतकऱ्यानं बौद्धवाड्यातल्या चिमुरडीची कळशी पायानं लोटली. ती त्याच्याकडं बघत म्हणाली, "माझा नंबर हाय. लोटू नका." सगळे हसले.

तेव्हा बाई कडाडल्या, "लाज न्हाई वाटत? लेकरावर जोर दाखवता?" पोरीची कळशी भरेपर्यंत त्यांनी त्याला पुढं सरकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेकरांनी विचारलं, "बाई, तुम्ही का वरडलाव?"

"तुम्ही शांतच ऱ्हायचं," त्या म्हणाल्या. "वरडायचं काम मोठ्यांचं हाय."