सदतीसाव्या अंकाची नोंद

त्या रविवारी माझा मोठा भाऊ वारला. डॉक्टरांनी वेळ सांगितली सकाळी सातची. अकरा वाजता त्याचा मला फोन आला आणि आम्ही सदतीसाव्या अंकाची नोंद केली.

हे वाचून तुम्ही पान उलटाल, याची मला कल्पना आहे. मीही उलटलं असतं. निवृत्त होईपर्यंत मी धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. भुताखेतांची पुस्तकं मी कपाटात लावली, त्यांना क्रमांक दिले, पण त्यावर विश्वास कधी ठेवला नाही. या सदरातले अनुभवसुद्धा करमणूक म्हणूनच वाचत आलो. आज स्वतः लिहायला बसलोय... सावकाश लिहितोय, कारण एकही तपशील इकडचा तिकडे व्हायला नको.

आमचं मूळ गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. लहानपणी गावच्या वाचनालयात 'सागरवीर चित्रमाला' यायची – बत्तीस पृष्ठांची, तीन रंगांत छापलेली चित्रकथा. जहाजं, वादळं, एक दाढीवाला कप्तान. आम्ही दोघांनी समुद्र पाहिलेला नव्हता. गिरणेला पूर आला की भाऊ काठावर उभा राहून मला हुकूम सोडायचा आणि मी खलाशी व्हायचो. पुढे ती मालिका साठ अंकांवर बंद पडली. आम्हीही मोठे झालो.

भाऊ जळगावला चित्रकलेचा शिक्षक झाला. लग्न केलं नाही. तिथेच मेहरूणला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि निवृत्तीनंतर त्या मालिकेचे अंक गोळा करू लागला. रद्दीवाले, बंद पडलेली वाचनालयं, कुणाच्या तरी माळ्यावरच्या पेट्या... अंक मिळाला की पत्र्याच्या ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायचा. मी धुळ्याला देवपुरात. माझी पत्नी गेल्यावर एकदा तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "तुनं अक्षर चांगलं शे. तू रजिस्टर लिही." मला काहीतरी काम हवं होतं, हे त्याला न सांगता कळलं होतं.

आमची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. जुन्या चित्रकथांच्या पिना गंजतात आणि मधली पानं गळतात. त्यामुळे पानं मोजल्याशिवाय अंक पूर्ण आहे असं लिहायचं नाही. एका अंकात पानं सोळा, म्हणजे पृष्ठं बत्तीस. भाऊच्या डोळ्यांत मोतीबिंदू, शिवाय बोलता बोलता त्याची मोजणी चुकायची. म्हणून तो तिकडे फोनजवळ अंक धरून एकेक पान उलटायचा आणि मी इकडे आवाज मोजायचो. दोन पानं एकदम उलटली तर आवाज जाड येतो. "थांब, दोन उलटलीस," असं मी म्हटलं की तो मागे यायचा. दोघांचा आकडा जुळला की मी लिहायचो, वाचून दाखवायचो आणि तो विचारायचा, "बठ्ठं बराबर शे ना?" सगळं बरोबर आहे ना, एवढंच. हे मोबाइलवर जमत नाही. मोबाइल पानांचा आवाज गाळून टाकतो. तेवढ्यासाठी आम्ही दोघांनी घरचे जुने फोन ठेवले होते.

दर रविवारी अकरा वाजता. तीन वर्षं.

साठपैकी एकोणसाठ अंक मिळाले आणि त्यांच्या नोंदी झाल्या. सदतीसावा मिळाला नाही. फैजपूरच्या एका केळीवाल्या आबांकडे असेल असं कुणीतरी सांगितलं म्हणून भाऊ दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परत आला. म्हणजे आमचं काम संपलं होतं. पण दोघांपैकी कोणी तसं म्हणालं नाही. पुढच्या रविवारी फोन वाजला आणि भाऊ म्हणाला, "आता फेरतपासणी. अंक पहिला." मी रजिस्टर उघडलं.

तो रविवार पोळ्याच्या आधीचा. फेरतपासणीत आम्ही बाविसाव्या अंकापर्यंत आलो होतो. अकराला फोन वाजला.

"घे, लिही. सदतीस."

"सदतीस? कोठे सापडना तुले?" कुठे सापडला, ते मला आधी हवं होतं.

"आधी लिही. मंग सांगसू."

आवाज त्याचाच होता. थोडा लांबून आल्यासारखा, पण तो फोनपासून दूर बसायचा, तेव्हा त्यात नवल नव्हतं. त्याने मुखपृष्ठ सांगितलं – दोन डोलकाठ्यांचं जहाज, पिवळं आकाश. खालच्या कोपऱ्यात तपकिरी डाग. आणि आतल्या पहिल्या चित्रात कुणीतरी कप्तानाच्या बायकोला पेन्सिलने मिशी काढलेली. हे सांगताना तो हसला. मीही हसलो आणि लिहिलं.

मग पानं. मी डोळे मिटून मोजली. पंधरा आली.

"सोळा शेतस," भाऊ म्हणाला.

"पंधरा, भाऊ."

"सोळा शेतस. नीट आयक." त्याने पुन्हा उलटली. आठवं पान जाड वाजलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी "थांब, दोन उलटलीस" म्हणायला हवं होतं. तेवढ्यात दारात शेजारच्या वहिनी आल्या, हातात वरण-बट्टीचं ताट.

"फोनवर कोण, मोठे भाऊ का? त्यांना म्हणावं, तुमच्या चित्रांपायी आमची बट्टी गार होते!"

मी हसून हाताने 'आलोच' म्हटलं. वहिनी उभ्याच राहिल्या. मला संकोच वाटला – सत्तरी जवळ आलेला माणूस फोनला कान लावून पानांचा आवाज ऐकतोय.

"भाऊ, आता पंधरा लिखी ठेवस. दुपारले करसू फोन."

"थांब ना जरासा," तो म्हणाला.

"दुपारले," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नोंद वाचून दाखवली नाही. त्यानेही शेवटचा प्रश्न विचारला नाही, कारण मी ठेवून दिला होता.

दीड वाजता भाऊचे शेजारी कोल्हे यांचा फोन आला. दुधाची पिशवी दारातच, पेपर दारातच, हाक मारून उत्तर नाही. कडी आतून. एक वाजता त्यांनी दार तोडलं. भाऊ पलंगावर होता, चादर छातीपर्यंत ओढलेली. मी मिळेल त्या एसटीने जळगाव गाठलं.

दिवसकार्य झाल्यावर मी ते घर नीट पाहिलं. ट्रंकेत एकोणसाठ अंक. टेबलावर काही नाही, उशाखाली नाही, पिशवीत नाही. सदतीसावा घरात नव्हता.

मग मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांना वाटलं, दाखल्यात काही चूक राहिली.

"वेळेबद्दल विचारायचं होतं. अकरानंतरची असू शकते का?"

"काका, सातला काय आणि अकराला काय, आता काय फरक पडतो?"

"मला पडतो. अकरा वाजता त्याचा मला फोन आला होता."

त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग शांतपणे म्हणाले, "मी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. अंग पूर्ण ताठलं होतं. अकरा शक्य नाही. झोपेत गेले. तुम्ही वार चुकताय, काका. अशा वेळी होतं तसं."

मी त्यांना रजिस्टर दाखवलं नाही.

माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. डॉक्टर चुकले असतील तर भाऊ अकरा वाजता जिवंत होता, कदाचित त्याला बरं वाटत नव्हतं, आणि "थांब ना जरासा" म्हणणाऱ्या माणसावर मी बट्टीसाठी फोन ठेवला. डॉक्टर बरोबर असतील तर... तर पुढे मला वाक्य सुचत नाही. टेलिफोन ऑफिसात चौकशी केली. भाऊच्या नंबरवरून गेलेल्या फोनची यादी वारसाला मिळू शकते म्हणाले, फॉर्मही दिला. तो भरलेला नाही. वहिनींना विचारलं, "त्या दिवशी मी फोनवर बोलत होतो ना?" त्या म्हणाल्या, "हो, बोलत होतात की. हसतसुद्धा होतात." पलीकडचा आवाज त्यांना कुठून ऐकू येणार?

दिवाळीच्या आधी फैजपूरहून फोन आला. तेच आबा.

"तुमच्या भाऊंचा नंबर लागत नाही. त्यांनी तुमचाबी लिहून दिला होता. ते पुस्तक सापडलं हो."

भाऊ गेल्याचं सांगितलं. कधी, कसं, ते आबांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही या. मी दुसऱ्या कोणाला देणार नाही."

रजिस्टर घेऊन मी गेलो. घराला रंग द्यायचा म्हणून माळा मोकळा केला होता. ओसरीवर एक लाकडी पेटी, कुलूप तोडलेलं. आबा वयाने माझ्याएवढेच, बोलके.

"तुमचे भाऊ दोनदा आले. मी म्हटलं, अहो मास्तर, या वयात पोरांची पुस्तकं काय धुंडता? तर म्हणे, त्या वयात धुंडायला वेळ कोणाला होता!" ते हसले आणि लगेच थांबले. "चांगला माणूस."

त्यांनी अंक माझ्या हातात दिला. दोन डोलकाठ्यांचं जहाज. पिवळं आकाश. कोपऱ्यातला तपकिरी डाग. मी पहिलं पान उलटलं.

"ती मिशी माझी कारागिरी," आबा म्हणाले. "दादांनी, म्हणजे वडलांनी, तेव्हा असा झोडपला मला! अन् पुस्तक पेटीत घालून कुलूप ठोकलं. किल्ली कुठं गेली कोणाले माहीत."

"हे तुम्ही भाऊला सांगितलं होतं? मिशीचं?"

"कसं सांगणार? मलाच आठवत नव्हतं. परवा पेटी उघडली तेव्हा आठवलं."

"भाऊने ही पेटी पाहिली होती?"

"दाणे ठेवायच्या कोठ्यांमागं होती हो, माळ्यावर. आम्हीच पाहिली नव्हती."

मी ओसरीवर बसून पानं मोजली. पंधरा. पुन्हा मोजली. आठवं पान बोटाला जाड लागलं. तपकिरी डाग आतपर्यंत गेला होता आणि त्याने दोन पानं एकमेकांना चिकटवली होती.

"केळीचा चीक," आबा वाकून म्हणाले. "कपड्याला लागला तर कपडा फाटतो पण डाग जात नाही. ओढू नका, फाटेल."

मी ओढलं नाही. कडेने फुंकर घातली तेव्हा फट दिसली. पानं सोळाच होती.

आबांनी पाणी आणायला हाक मारली. माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. मी त्यांना काही सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय, तेही तुम्हाला, ज्यांना मी ओळखत नाही.

मी माझ्या परीने सगळं तपासलं. नोंद माझ्याच अक्षरात आहे, त्या रविवारच्या तारखेखाली, आणि तिच्या खालची जागा कोरी आहे. म्हणजे ती नंतरही लिहिता आली असती. पण फैजपूरहून आल्यावर मी ती लिहिली आणि विसरलो, असं म्हणावं तर फैजपूरला मी रजिस्टर घेऊन गेलो होतो आणि नोंद समोर ठेवूनच अंक पाहिला होता. दुःखात माणसाला भास होतात, हे मला मान्य आहे. पण अकरा वाजता मला दुःख झालेलंच नव्हतं. मला भूक लागली होती. कुणाला याचं सरळ उत्तर सुचलं तर ते मला पटवून घ्यायला आवडेल. मला अजून सुचलेलं नाही.

एक गोष्ट मात्र डॉक्टर बरोबर असोत की चूक, बदलत नाही. त्याने थांब म्हटलं होतं. सदतीसावा कुठे सापडला ते तो नोंदीनंतर सांगणार होता.

मेहरूणचं घर रिकामं करून दिलं. साठही अंक माझ्याकडे आहेत. रविवारी मला काम नसतं.