गोलीचा छोटा पास

माझी सून देवासच्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. नोकरी कच्ची होती, दर वर्षी नव्याने लागायची. त्या वर्षी ती पक्की व्हायचं बोलणं चाललं होतं. मुलाच्या कारखान्याने माणसं कमी केली, त्यात तो घरी बसला होता. घर तिच्या एकटीवर चालायचं. हे आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं पोरखेळ वाटेल.

फुटबॉलमध्ये गोल राखणारी जी मुलगी असते, तिला इकडे गोली म्हणतात. गोलीच्या हातात चेंडू आला की तिने तो पार पलीकडे, लांब मारायचा आणि बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी सगळीकडे रीत. सुनेला ती पटत नव्हती. लांब मारलेला चेंडू आपल्याला मिळतच नाही, असं ती म्हणायची.

"कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"कोणी नाही. तुम्हीच मोजून सांगा, आई. चला माझ्याबरोबर."

तो हिवाळा मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून काढला. मांडीवर दोन वाट्या, पदरात चिंचोके. लांब मारलेला चेंडू आपल्या मुलीला मिळाला तर चिंचोका पितळेच्या वाटीत, समोरच्यांना मिळाला तर स्टीलच्या वाटीत. मला खेळ कळत नव्हता, पण कपड्यांचे रंग दिसत होते आणि तेवढं पुरत होतं. स्टीलची वाटी भरून यायची. पितळेच्या वाटीचा तळ दिसत राहायचा.

मग तिने गोलीला छोटा पास शिकवला. जवळच्या मुलीला चेंडू द्यायचा, तिने पुढचीला द्यायचा. त्याचेही चिंचोके मी टाकले आणि वाट्यांचं उलटं झालं. मात्र कधीतरी तो पास समोरच्या मुली आमच्याच गोलपुढे हिसकावून घ्यायच्या आणि गोल करायच्या. तेव्हा पालक सुनेला फाडून खायचे. एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "काकी, बहूला समजवा जरा. हे फुटबॉल आहे, हळदीकुंकू नाही, शेजारणीच्या हातात द्यायला." सगळे हसले. मीही हसले. मला त्याचं म्हणणं बरोबर वाटलं होतं.

सुनेने तो सगळा हिशोब हेडमास्तरांपुढे मांडला. हेडमास्तर मराठीच, पण बोलणं अर्धं हिंदीत.

"टीम आप चलाती हो, की सासूबाई?"

"आई मोजतात. टीम मी चालवते, सर."

"चलो, ठीक आहे. पण धारच्या मॅचमध्ये हरलात तर समितीसमोर मी काय बोलू, ते पण मोजून ठेवा."

तिची नोकरी पक्की करायची की नाही, ते ती समितीच ठरवणार होती.

धारला माझी बहीण राहते, म्हणून शाळेच्या बसमधून मीही गेले. मैदानावर किल्ल्याच्या बाजूने वारा सुटला होता. दोन्हीकडे गोल नव्हता आणि वेळ संपत आली होती. चेंडू आमच्या गोलीच्या हातात आला. ही मुलगी पीपलरावां गावची, दहावीतली, मोठ्यांपुढे मान वर न करणारी. ती छोटा पास देणार, एवढ्यात हेडमास्तर मांडवातली खुर्ची सोडून ओरडले, "लंबी मार, बेटा! लंबी!"

तिने सुनेकडे बघितलं. मग हेडमास्तरांकडे बघितलं आणि चेंडू लांब मारला. वाऱ्याने तो वाहवत नेला, समोरच्या मुलीच्या डोक्यावरून उसळला आणि आमच्या एकीच्या पायात पडला. गोल झाला. आम्ही जिंकलो.

मांडवात पेढे वाटले गेले. गोली मात्र रडत सुनेकडे आली.

"मॅडम, सॉरी. सर ओरडले ना."

"अगं, जिंकलो आपण. डोळे पूस," सून म्हणाली. तिचं स्वतःचं तोंड मात्र उतरलं होतं.

सोमवारी शाळेत सत्कार झाला. समितीची माणसं पुढच्या रांगेत होती. हेडमास्तरांनी मुलींना नारळ दिले आणि माइकवर म्हणाले, "सासूबाईंचे चिंचोके राहिले घरी आणि गेंद गेली गोलमध्ये!" पुष्कळ हशा झाला. मग ते सुनेला म्हणाले, "मॅडम, आप भी बोलो. आता पुढे लंबीच मारायची, सांगा मुलींना."

सून उठली. "मुलींनी छान खेळ केला," ती म्हणाली. "पण तो गोल वाऱ्याने दिला. लांब मारलेले बाकीचे चेंडू आम्ही मोजलेत, ते आपल्याच अंगावर परत येतात. पुढच्या मॅचलाही आपली गोली छोटाच पास देईल."

पुढच्या रांगेतली माणसं उठून चहाला गेली.

घरी आल्यावर मी तिला सोडलं नाही. "दोन गोड शब्द बोलली असतीस तर जीभ झिजली असती का?"

"समोर ती गोली बसली होती, आई. उद्या मला विचारेल, मॅडम, कशी मारू? तर काय सांगू? माझी नोकरी पक्की होईपर्यंत लांब, मग छोटी?"

"हो. असंच सांगायचं."

"मला नाही जमत ते."

मुलगा आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता. तो उठून पाणी भरायला गेला.

उन्हाळ्यात शाळेने त्या जागी दुसरी बाई घेतली. कारण कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारायला गेलो नाही. सुनेला बदनावरच्या एका शाळेत काम मिळालं. रोज जाण्यायेण्याचं ते अंतर नाही, म्हणून मंडीजवळ खोली घेऊन ती तिथे राहते आणि शनिवारी रात्री इंदूरवरून बस बदलत घरी येते. पाय सुजलेले असतात. मी गरम पाणी काढून ठेवते.

तिने त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. ते मी तिच्या तोंडावर सांगितलं आहे आणि तिने ते ऐकून घेतलं आहे. पण मोजायला मीच बसले होते. स्टीलची वाटी भरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे ती खोटं बोलली असं मला म्हणता येत नाही.

बदनावरच्या त्या शाळेत फुटबॉल नाही. मैदानच नाही. ती अंगणात मुलांना रांगेत उभं करून कवायत घेते.