काउंटरच्या अलीकडे

लाकडाला पॉलिश करून करून त्याच्या बोटांच्या रेघा पार झिजल्या होत्या. परदेशातल्या विमानतळावर ठसे घेणाऱ्या यंत्रावर त्या काही केल्या उमटेनात. काउंटरमागचा अधिकारी काच पुसून पुन्हा पुन्हा बोटं ठेवायला लावत होता. मागून बायको पुटपुटली, "घरी कपाटावर बरे उमटतात." त्याला हसू आलं. त्या प्रवासातलं ते शेवटचंच.

मग दुभाषी बाईने विचारलं, कधी शिक्षा झाली आहे का? तो इतका घाबरला होता की खरं बोलून गेला. फॉर्मवर मात्र "नाही" होतं. फॉर्म लेकीने भरला होता आणि तिच्या कानावर यातलं काही कधी येऊच दिलं नव्हतं. ती पोटात असताना कारखान्यात भांडण झालं, याने भागीदाराच्या तोंडावर लाकूड तासायची पटाशी मारली आणि दीड वर्ष तुरुंगात काढलं. लेकीला एवढंच माहीत, की तिच्या जन्माच्या वेळी बाबा कामासाठी बाहेरगावी होते.

त्याला परत पाठवायचं ठरलं. बायकोला आत जायला मोकळीक होती, पण ह्यांना सोडून मी कशी जाऊ, म्हणत तीही उलट्या पावली फिरली. बाहेर लेक तान्हं बाळ घेऊन ताटकळत होती. खरं काय ते तिला परक्या माणसाने सांगितलं.

जाताना शेजारीपाजारी जिना उतरून निरोप द्यायला आले होते. म्हणून परतल्यावर दोघं पडदे ओढून, टीव्ही बंद ठेवून घरात चोरासारखी बसली. शेवटी कुकरच्या शिट्टीने घात केला. समोरची बाई दार वाजवून म्हणाली, "अगंबाई, मला वाटलं घरात कोणी शिरलं."

वर्षभर लेकीचे फोन आईलाच यायचे. एकदा तिने बाबांना बोलवायला सांगितलं. पुन्हा अर्ज करता येईल, म्हणाली, पण जुनी शिक्षा आणि मागचा नकार दोन्ही सविस्तर लिहावं लागेल. नेमकं काय झालं होतं?

त्याने सांगितलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"डोळा गेला त्यांचा?"

"हो."

"तुम्ही प्यायला होतात का, बाबा?"

हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं, हे त्याला तिच्या आवाजावरूनच कळलं.

"नाही."

"मग?"

"राग आला होता."

पलीकडे बाळ काहीतरी बडबडत होतं. त्याने फोन कानाशी घट्ट दाबला. नातवाचा आवाज इतक्या जवळून तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"मी अर्ज भरते," लेक म्हणाली. "आईचा."

त्याने फोन बायकोच्या हातात दिला. तिने तो नुसताच धरून ठेवला. ती आता नाही म्हणेल, म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिने पाठ वळवली आणि हळूच विचारलं, "तिकडे थंडी कितपत असते गं?"