कुसुमचं उत्तर मी दिलं

मंडळी, आज सकाळी अकोल्याला जाऊन कुसुमला भेटून आले. 

१९६० साल नुकतंच उलटलं होतं. अमरावतीच्या कॉलेजात आम्ही दोघी बी.एस्सी.ला होतो. ती हिवरखेडच्या शेतकऱ्याची मुलगी, वर्गात सगळ्यांत हुशार, पण कमालीची भिडस्त. मी वकिलाची लेक, बडबडी आणि अभ्यासात बेताची. रसायनशास्त्र मला तिनंच शिकवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी आम्हा दोघींना एकदमच उभं केलं. कुसुमला प्रश्न विचारला. तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"अभ्यास केलेला दिसत नाही!" ते खेकसले आणि तोच प्रश्न मला विचारला.

आदल्या दिवशी तिनंच समजावलेलं उत्तर मी धडाधड सांगून टाकलं. 'हे मला हिनंच शिकवलं,' एवढं मात्र बोलले नाही. आपलेच मार्क कमी होतील, अशी भीती वाटली.

ती नापास झाली. तिचे वडील म्हणाले, "बस झालं आता कॉलेज!" त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न उरकलं. मी पुढे प्राध्यापक झाले.

आज तिचा हात धरून मी माफी मागितली.  ती म्हणाली, "तू सांगशीन म्हणून मी तुयाच तोंडाकडे पाहून राहिली होती, बाई."

 तुम्ही माझ्या जागी असता, तर तिला काय सांगितलं असतं?