नऊ हजार दोन आणि रॉडच्या ओव्हनमधली भाकरी

शेठच्या टेबलावर ते पत्र तीन दिवस पेपरवेटखाली पडून होतं, आणि त्या तीन दिवसांत शेठ कुणावरही ओरडले नाहीत. पत्र वाईट आहे हे वर्कशॉपला त्यावरूनच कळलं.

नव्वदच्या दशकात नगरच्या एमआयडीसीत मनमाड रोडच्या बाजूला आमचं वर्कशॉप होतं. शेठ मूळचे कोपरगावचे. साखर कारखान्यांच्या रसाच्या नळ्या जोडण्यावर त्यांची पहिली पंधरा वर्षं गेली. मग तेल शुद्धीकरण कारखान्यांत नळ्या टाकणाऱ्या एका मोठ्या कंत्राटदाराचं काम मिळालं. तो ड्रॉइंग आणि पाइप पाठवायचा, आम्ही वेल्डिंग करून नळ्यांचे जोडलेले तुकडे त्याच्या साइटवर पाठवायचो. पत्र त्याचंच होतं. नव्या कामापासून आयएसओचं प्रमाणपत्र असलेल्या वर्कशॉपलाच काम मिळेल, ज्याच्याकडे नसेल त्याचं नाव यादीतून निघेल.

मी तिथे टायपिस्ट होते. माझे वडील, दादा, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. सभेची, मोर्चाची, जयंतीची पत्रकं त्यांच्या हातून छापली जायची आणि उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी शाळेचा गृहपाठ करायची. अक्षरओळख तिथेच झाली आणि चिडायला शिकलेही तिथेच. एकोणीस-वीसच्या वयात मी स्वतः पत्रकं लिहीत होते, आणि शेठ मला चिडवायला ‘मॅडम’ म्हणायचे.

पत्रानंतरच्या आठवड्यात पुण्याहून सल्लागार आले. गोरेपान गृहस्थ, हातात चामड्याची बॅग. त्यांनी शेठच्या टेबलावर तीन बोटं ठेवली.

“तीन प्रकार आहेत. जो माल स्वतः डिझाइन करून बनवतो, त्याला ९००१. जो दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून बनवतो, त्याला ९००२. आणि ज्याला फक्त तयार मालाची शेवटची तपासणी दाखवायची, त्याला ९००३. तुम्हाला ९००३ पुरे. एक टेबल, मापं घ्यायचे चार गेज, एक पांढरा कोट. तीन महिन्यांत भिंतीवर फ्रेम.”

“आणि वेल्डर लोक?” शेठनी विचारलं.

“त्यांचा संबंधच नाही हो. ऑडिटर शेवटच्या टेबलापाशी येणार, फाइल बघणार, चहा घेणार, जाणार. फक्त त्या दिवशी जुनी माणसं शॉपमध्ये नकोत. कुणी काही विचारलं तर व्हय-न्हाई करत बसतील. पगारी सुट्टी द्या. खूश होतील.”

मिस्त्री तेवढ्यात दारात येऊन उभे राहिले होते. आमचे सगळ्यात जुने वेल्डर, जामखेडकडचे, चौथी शिकलेले. वर्कशॉपमधली पोरं त्यांना मामा म्हणायची आणि मीही. त्यांच्या एका हातात ड्रॉइंग होतं, दुसऱ्या हातात काळ्या काचेचं हेल्मेट. सगळं त्यांनी ऐकलं होतं.

“शेठ, ह्यो बेंड पंचेचाळीसचा का नव्वदचा?” एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर घेतलं आणि गेले.

जेवणाच्या सुट्टीत मात्र त्यांचा घास तोंडापाशीच थांबला.

“सतरा वर्सं झाली हितं जोड मारतोय, पोरी. आता पाव्हना यायचा म्हनून मला मागच्या दारानं भाईर काडायचं. व्हय?”

माणसाला दाराबाहेर उभं करण्याची गोष्ट आमच्या घरात कुणी हलक्यात घेत नाही. आमच्या आजोबांनी धर्म बदलला तो याच गोष्टीसाठी. सल्लागारांनी त्या नियमांच्या झेरॉक्स शेठकडे ठेवल्या होत्या. मी त्या मागून घरी नेल्या.

इंग्रजी जड होतं. दादांनी आपलं खिळे बघायचं भिंग आणि फाटका शब्दकोश काढला, आणि एका रविवारी आम्ही दोघं ते इंग्रजी शब्द शब्द फोडत बसलो. दुपारी एका वाक्यावर माझं बोट थांबलं. त्याचा अर्थ असा होता, की ज्या कामातली खोट नंतर तपासून पुरती कळत नाही, ते काम चालू असतानाच नीट सांभाळलं पाहिजे, आणि ते करणारा माणूस त्या कामाला लायक आहे हे आधी ठरवलं पाहिजे. वेल्डिंग अगदी तसलंच काम. हे कलम ९००२ मध्ये होतं. ९००३ मध्ये नव्हतं.

“म्हणजे एकात नुसता माल दाखवायचा,” दादा म्हणाले, “आणि दुसऱ्यात माणसालाही विचारणार.”

“दादा, हे पत्रकात लिहिण्यासारखं वाक्य आहे.”

“मग लिही की. मला काय सांगतेस?”

पत्रक लिहिण्याआधी मी सोमवारी शेठच्या टेबलापुढे उभी राहिले. माझा आवाज चढला असणार, कारण शेठ म्हणाले, “मॅडम, भाषण संध्याकाळी चौकात. इथं कामाचं बोला.”

“शेठ, आपल्या किती जोडांचा एक्स-रे होतो?”

“दहात एक.”

“उरलेल्या नऊंचं काय?”

“मिस्त्री आहे की.”

“त्यांनाच तर तुम्ही सुट्टीवर पाठवताय.”

शेठनी पेन टेबलावर ठेवलं. उठून शॉपमध्ये गेले. मी मागोमाग.

“मिस्त्री, जोड वरून चांगला अन् आतून खराब, असं होतं का?”

मिस्त्री ओव्हनपाशी गेले. वेल्डिंगचे रॉड कोरडे राहावेत म्हणून गरम ओव्हनमध्ये ठेवतात. त्या ओव्हनच्या खालच्या खान्यातून त्यांनी एक रॉड काढला, वरच्या खान्यातून दुसरा. दोन्हींनी पट्ट्यांचे दोन जोड मारले आणि ग्राइंडरने दोन्ही घासून लख्ख केले. शेठनी अंगठा फिरवून बघितला. फरक नव्हता. मग मिस्त्रींनी दोन्हींवर हॅक्सॉने खाच घेतली, एकेक जोड व्हाइसमध्ये आवळला आणि हातोडा घातला.

एक मोडला तो आतून राखाडी, भरीव. दुसरा मोडला, आणि आत अनारशासारखी जाळी.

“ओला रॉड,” मिस्त्री म्हणाले.

“ओव्हनमधला रॉड ओला कसा?”

मिस्त्रींनी खाली बघितलं. आजूबाजूच्या सगळ्यांनीच खाली बघितलं. मीसुद्धा.

“वरच्या खान्यात डबे असत्यात, शेठ.”

रोज अकरा वाजता सगळ्यांच्या भाकरी आणि कालवणाचे डबे त्या ओव्हनमध्ये जायचे. एमआयडीसीतल्या कितीतरी वर्कशॉपांत जायचे. एक वाजता भाकरी वाफाळत बाहेर यायची आणि ती वाफ रॉडला बसायची. त्यात एक डबा शेठचा असायचा, आणि तो ठेवून यायचं काम माझं होतं.

“अरे, मग आपण पाठवलेला माल?” शेठचा आवाज एकदम उतरला.

“त्याची काळजी करू नका. तेलाच्या नळीला मी खालच्या खान्यातलाच रॉड घेतो, अन् घ्यायला बी लावतो. वरचे निस्ते स्टँडला, टेकूला.”

“हे कुणाला माहितीये?”

“मला ठाव हाय. लिवलेलं कुटं हाय?”

शेठ ऑफिसात आले आणि त्यांनी माझ्यासमोर पुण्याला फोन लावला. “९००२ करायचं,” ते म्हणाले. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. शेवटी सल्लागार म्हणाले म्हणे, एवढी मेहनत घ्यायचीच तर ९००१ घ्या, लेटरहेडवर भारी दिसतं. शेठनी माझ्याकडे बघितलं.

“आपण कागदावर एक रेघ तरी काढतो का?” मी म्हटलं. “ड्रॉइंग त्यांचं, जोड आपला.”

शेठ फोनमध्ये म्हणाले, “जे करत नाही ते करतो म्हणून कशाला सांगू? रस गळला तर मुंग्या लागतात, साहेब. तेल गळलं तर माणसं जातात.”

सल्लागारांनी शेवटची मदत म्हणून एक जाडजूड तयार फाइल पाठवली. नुसतं आपलं नाव घाला, असं वर लिहिलेलं. मी ती पहिल्या पानापासून वाचली आणि परत पाठवायला बांधली. “का हो मॅडम?” शेठनी विचारलं. “कारण हिच्या मधल्या पानांवर आपण औषधाच्या बाटल्यांना बुचं लावतोय.”

मग आम्ही आमची फाइल लिहिली. मला एकच लिहिणं येत होतं, पत्रकाचं, तसंच मी लिहिलं. रोज जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री आणि बाकीचे वेल्डर सांगायचे, मी उतरवून घ्यायची, संध्याकाळी वाचून दाखवायची. ‘वेल्डरने असे करावे’ हे मला लिहवेना. ते वरून आल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे प्रतिज्ञा माणूस स्वतःच्या तोंडाने घेतो. म्हणून प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू केलं. मी एका जोडापुरतेच रॉड ओव्हनमधून काढीन. मी जोडाची जागा घासल्याशिवाय पहिला थर भरणार नाही. मी ओव्हनमध्ये भाकरी ठेवणार नाही.

शेवटचं वाक्य मिस्त्रींनीच घालायला लावलं. “पन भाकरी गार खायची न्हाई,” हेही त्यांनीच बजावलं, आणि भंगारातला पत्रा आणि जुन्या शेगडीची कॉइल घेऊन दोन दिवसांत डब्यांसाठी वेगळी पेटी उभी केली. तिच्यावर लाल रेडऑक्साइडने मोठ्या अक्षरात लिहिलं: भाकरी.

दादांचा एक नियम मी लहानपणापासून ऐकत आले होते. खाली नाव नसलेलं पत्रक म्हणजे निनावी शिवी. म्हणून प्रत्येक कागदाच्या तळाशी मी ओळ घातली: कागद कितवा, आवृत्ती कितवी, सांगणार कोण, लिहिणार कोण, मान्यता कुणाची. आयएसओला अगदी हेच लागतं, हे मला पुढे कळलं.

आणि चाळीस झेरॉक्स काढून मी त्या सगळ्या वर्कशॉपभर डकवल्या. महिन्याभराने मिस्त्रींना एक वाक्य आठवलं: ओव्हनबाहेर राहून गार झालेला रॉड मी तेलाच्या नळीवर वापरणार नाही. मी दुसरी आवृत्ती काढली, जुने कागद उतरवले, नवे लावले.

ऑडिटच्या दिवशी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी आले. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे ऑडिटर बारीक चणीचे, पिकल्या केसांचे. त्यांनी चहा नको म्हटलं, टेबलावरच्या गेजकडे नुसती नजर टाकली आणि सरळ वेल्डिंगच्या जागेवर गेले.

“तुम्ही इथले वेल्डर?”

“व्हय.”

“रॉड कोरडा आहे हे तुम्हाला कसं कळतं?”

“ओव्हनचा काटा बगतो. काडल्याची येळ पाटीवर लिवतो. अन् आदी आमी ह्या ओव्हनात भाकरी ठिवायचो, ते बी सांगतो.”

शेठनी डोळे मिटून घेतले. मी वहीच्या कडा घट्ट धरल्या.

“मग बंद का केलं?” ऑडिटरनी शांतपणे विचारलं.

“वाफ रॉडला बसती. रॉड ओला, जोड पोकळ. तुमच्या एक्स-रेला दहातला एक दिसंल, सायेब. बाकीचे नऊ कोन बगनार? आमीच की.”

ऑडिटर लिहायचे थांबले. मान वर करून त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं.

“हे कुठं लिहिलंय?”

मिस्त्रींनी भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं.

“वाचता येतं तुम्हाला?”

“वाचायचं काय त्यात? मीच सांगितलंय. ह्या पोरीनं लिवलं. खाली बगा, नाव हाय माजं.”

ऑडिटरनी वाकून तळाची ओळ वाचली. मग त्यांनी भाकरीची पेटी उघडून बघितली. आत बारा डबे होते. त्यांनी ती तितक्याच काळजीने बंद केली.

तिथेच सगळं जिंकलं असं मला वाटलं, आणि तेव्हाच ते पाण्याच्या टाकीमागे हात धुवायला गेले. परत आले ते माझ्या कागदासकट.

“ही पहिली आवृत्ती. यात गार रॉडचं वाक्य नाही. भिंतीवर दुसरी आहे. खरी कुठली?”

“दुसरी.”

“मग ही टाकीमागे कशी?”

“मीच डकवली होती. चाळीस लावल्या होत्या.”

“आणि उतरवल्या एकोणचाळीस?”

“हो.”

दिवसभरात पहिल्यांदा ते हसले. “ताई, हे काय मोर्चाचं पत्रक आहे? मोजक्या जागा, मोजक्या प्रती, आणि कुठली कुठे आहे त्याची नोंद.” त्यांच्या अहवालात एकच किरकोळ त्रुटी लिहिली गेली, आणि ती माझी होती. वेल्डिंगपुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही. सगळ्यांना एकत्र बसवून ते म्हणाले, “मी ९००२ ची शिफारस करतो,” आणि हात पुढे केला तो आधी मिस्त्रींपुढे. मिस्त्रींनी हात पँटीला पुसला आणि मग दिला.

शेठनी त्या दिवशी भेळ मागवली आणि खूप दिवसांनी एकदाचे ओरडले, कांदा कमी आहे म्हणून. आम्ही सगळे हसत सुटलो.

प्रमाणपत्र आलं. कंत्राटदाराच्या यादीत आमचं नाव राहिलं, नव्या कामाची ड्रॉइंगं आली. फ्रेम शेठनी ऑफिसात न लावता शॉपमध्ये ओव्हनच्या वर लावली. मागचं दार तेव्हाही होतं. त्यातून भंगार जात होतं, माणसं नाही.

त्रुटी दूर करायची म्हणून मी एक रजिस्टर केलं. सहा जागा, सहा प्रती, प्रत्येकीला क्रमांक. ते पुरं होतंय तोच मिस्त्री टेबलापाशी आले.

“पोरी, त्यातला एक कागद गावाकडं घरी न्यायचा हुता. ज्याच्यावर नाव हाय त्यो. न्हेता येतो का, का नियमात बसत न्हाई?”

मी नवी प्रत काढली, शेठची सही घेतली आणि रजिस्टरमध्ये पुढची ओळ लिहिली: प्रत क्रमांक सात, मिस्त्रींचं घर, जामखेड.